तीन पाय सागवानी

"आधी टेका, मग बोला."

कार्यालयात कुणीही तावातावानं जिना चढून आलं की मामा हे म्हणायचे आणि म्हणता म्हणता स्वतः स्टुलावरून उठायचे. खांद्यावरचा पंचा काढून बसायची जागा दोनदा पुसायची, स्वच्छ असली तरी पुसायची, आणि समोरच्याच्या दंडाला धरून त्याला बसवायचं. साहेबांच्या दारातले शिपाई तुम्हीही खूप पाहिले असतील. चिठ्ठी मागणारे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून भिंतीकडे बघणारे. आमचे मामा उठणारे होते.

ब्याण्णव साली मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. दोन मजले धावत चढले, छाती भात्यासारखी हलत होती आणि हातातलं नेमणुकीचं पत्र घामानं ओलं झालेलं. "साहेब आलेत का हो?" एवढंच विचारलं. मामा उठले, स्टूल पुसलं. "टेका आधी. साहेब कुठं पळून जात न्हाईत, आन् नोकरीबी न्हाय." मी तशी कुणाचं ऐकणारी नव्हे, घरी मला तिखट म्हणतात. पण टेकले. दोन मिनिटांनी आत गेले तेव्हा आवाज जागेवर आला होता.

राधानगरीकडून एक म्हातारा यायचा, जमिनीच्या कसल्याशा कागदासाठी. पहिल्यांदा आला तो ओरडतच. "कुठाय तुमचा सायेब? आज सोडत न्हाय त्येला!" सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. मामांनी त्याला बसवलं, तांब्या दिला, गावाकडं भातलावण झाली का विचारलं. पाणी पिऊन होईतो म्हातारा आपल्या म्हशीबद्दल सांगत होता. नंतर मामा मला म्हणाले, "निम्मा राग पायात असतोय, ताई. माणूस बसला की गळतोय." त्या म्हाताऱ्याचं काम पुढं वर्षभरानं झालं. तरी कोल्हापुरात आला की तो दोन जिने चढून यायचा, त्या स्टुलावर घटकाभर टेकायचा आणि मामांशी बोलून जायचा.

स्टूल साधंच होतं. सागवानी, चौकोनी, बैठकीच्या मधोमध बोटं घालून उचलायला एक लांबट चीर. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात कार्यालयाचा नंबर. पण त्याची निगा अशी की विचारू नका. एखादी पट्टी सैल झाली की मामा घरून हातोडी आणायचे. दसऱ्याला आम्ही टाइपरायटरला झेंडू वाहायचो, तेव्हा हे एका कोपऱ्यात बसून स्टुलाला जवसाचं तेल चोळायचे. "मामा, पूजा करताय व्हय?" कुणीतरी चिडवलंच.

"पूजा न्हाय, मालिश. पैलवानाला लागतीया की."

मामांची मुलगी बीए झाली तेव्हा त्यांनी आम्हाला कसबा बावड्याला जेवायला बोलावलं. हंगाम सुरू होता, कारखान्याच्या मळीचा वास गल्लीभर पसरलेला. दोन खोल्यांचं घर. आत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. घरात खुर्ची एकही नव्हती. पलंग होता, आणि बाकी सगळी स्टुलं.

खिडकीपाशी फोटो स्टुडिओतलं फिरतं स्टूल. आपल्या पिढीतल्या किती पोरींनी स्थळाला दाखवायचे फोटो तसल्या स्टुलावर बसून काढलेत! पलंगाशेजारी कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेतलं उंच स्टूल, त्यावर पाण्याचा माठ. घड्याळजीचं ठेंगणं स्टूल चुलीपुढं मामींना बसायला. आणि या जुन्या मंडळींच्या मधूनमधून अगदी नवी. लालभडक प्लास्टिकचं, बसायच्या जागी भोकं असलेलं. एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातलं चकचकीत स्टीलचं, वर निळं रेक्झिन. भिंतीवर बुद्ध, शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, आणि खाली ही सगळी बसकी आणि उंच मंडळी. हसू यायला हवं होतं, पण घर इतकं छान दिसत होतं की मला आमच्या घरातल्या सोफ्याची लाज वाटली.

"हे सुचतं कसं हो तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यात काय सुचायचं? जुन्याशेजारी नवं ठिवायचं. जुनं जुन्याशेजारी ठिवलं की अडगळ दिसतीया. नवं नव्याशेजारी ठिवलं की दुकान." मग प्लास्टिकचं स्टूल पायानं पुढं सरकवून म्हणाले, "आन् भिंतीला चिकटवायचं न्हाय. हातभर पुढं घ्यायचं. तवा ते 'बसा' म्हणतंय."

"आणि खुर्ची का नाही एकही?"

"पाठ टेकली की माणूस पसरतोय. पसरला की ऐकत न्हाय."

मामी आतून म्हणाल्या, "लोकं हसत्यात आम्हास्नी. म्हणत्यात, ह्यांच्या घरात हापिसच हाय."

दाराच्या आत उजव्या हाताला मात्र एक कोपरा मोकळा होता. बाकी सगळं इतकं नेटकं, आणि तिथंच काही नाही. मी विचारलं. मामांनी आधी पंच्यानं तोंड पुसलं.

"ती जागा धरून ठिवलीया. हापिसातल्या स्टुलासाठी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गावकामगार होते. उभा जन्म चावडीची कामं केली, सांगावे पोचवले, पण बसायचे ते चावडीच्या बाहेर, जमिनीवर. पावसात ओट्याच्या कडेला उभे राहायचे. "आमच्या बाचं बूड सरकारी जागेत कधी जमिनीवरनं वर आलं न्हाय, ताई. म्या नोकरीला लागलो, पहिल्या दिवशी साहेबानं त्ये स्टूल दाखवलं, म्हणाला, बस. घरी जाऊन बाला सांगितलं. बा म्हणाला, लाकडाचं हाय व्हय? म्या म्हटलं, सागवानी. म्हातारा रातभर तेच इचारत हुता, सागवानी व्हय, सागवानी?"

 माझ्या ताटातली बासुंदी तशीच राहिली.

आता यात अडचण काय, तर मामांचा स्वभाव. साहेबांना अर्ज केला असता तर आठवण म्हणून एक जुनं स्टूल कुणीही दिलं असतं. मामांना ते नको. "मागून घेतलं तर मेहरबानी. न सांगता नेलं तर चोरी. लिलावात घेतलं तर माझं." नोकरीत असताना बोली लावता येत नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर बाहेरचा माणूस म्हणून येणार आणि घेणार, असं त्यांचं ठरलेलं. पण लिलावात जातं मोडकं सामान. आणि हे स्टूल मोडणार कसं? मामाच त्याला मोडू देत नव्हते! दर दोन-तीन वर्षांनी मोडक्या सामानाची यादी व्हायची, आणि दरवेळी त्यांचं स्टूल 'सुस्थितीत' म्हणून राहायचं. स्वतःच्या हातानं तेल लावून हा माणूस आपलीच वाट अडवत होता.

अठ्ठ्याण्णव साली मे महिन्यात मामा निवृत्त होणार होते. त्याच फेब्रुवारीत यादी करायचं काम माझ्याकडं आलं. पुढची यादी कधी होईल आणि तोवर ते स्टूल कुठल्या कार्यालयात जाईल, सांगता येत नव्हतं. मी शहाणपणा केला. यादीत सगळ्यात शेवटी टाइप केलं: 'लाकडी स्टूल, शिपाई, एक नग. मोडकं, दुरुस्त न होण्याजोगं.' मामांना सांगितलं नाही. म्हटलं, जूनमध्ये लिलाव होईल तेव्हा कळेल, केवढा आनंद होईल! साहेब लोक यादीवर न बघता सही करतात हा सहा वर्षांचा अनुभव. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवरच खूश होऊन भेळ खाल्ली.

नवे साहेब आठवडाभरापूर्वीच रुजू झाले होते. त्यांनी यादी बघितली आणि म्हणाले, "चला, एकेक वस्तू दाखवा."

 वडील जाऊन तीन वर्षं झालेली, भावाचं शिक्षण माझ्या पगारावर चाललेलं, आणि मी माझ्या सहीनिशी खोटी यादी साहेबांच्या हातात दिलेली. खोटी नोंद म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे काय ते सरकारी नोकरीत असणाऱ्यांना सांगायला नको. गोदामात साहेब पुढं, मी मागं, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मामा. हात नसलेल्या खुर्च्या, दार निखळलेलं कपाट, गंजलेला पंखा. साहेब प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होते आणि यादीवर बरोबरची खूण करत होते.  खरं सांगून टाकावं असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा जीभ उचलली नाही. कसली तिखट न् काय!

"शेवटचं," साहेबांनी वाचलं. "लाकडी स्टूल, शिपाई. मोडकं. कुठं आहे हे?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं.

"भाईर हाय, सायेब," मामा म्हणाले. "मी आणतो."

ते गेले. गोदामाला लागूनच जिना होता, दगडी पायऱ्यांचा. तिकडून दणका ऐकू आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा दणका, आणि लाकूड मोडल्याचा आवाज. पहिल्या दणक्याला ते मोडलं नव्हतं. एवढी वर्षं तेल प्यायलेलं लाकूड, एका फटक्याला कसं मोडेल?

मामा आले. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात त्याचा पाय. "मोडलंय, सायेब. बगा."

साहेबांनी तो पाय हातात घेतला. मोडलेल्या जागी लाकूड पिवळंधमक, नुकतं उघडं पडलेलं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"ताजं दिसतंय."

"सागवान हाय, सायेब. किती बी जुनं झालं तरी आतनं ताजंच असतंय."

साहेबांनी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत त्या पायाकडं. मला वाटतं त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी पेन काढलं, बरोबरची खूण केली आणि वर निघून गेले.  मी तिथल्याच एका बिनहाताच्या खुर्चीत बसले आणि रडायला लागले.

मला वाटलं मामा समजूत घालतील. छे! एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कुणी सांगितलं हुतं तुमास्नी? म्या मागितलं हुतं? नोकरी घालवून बसला असता की ओ! आईला काय तोंड दाखवलं असतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्या खोटं बोललो न्हाय. मोडलंय म्हटलं, तवा मोडलेलंच हुतं. तुमचं खोटं हुतं तेवढं खरं केलं. आता डोळं पुसा आन् गप कामाला लागा."

पुढं पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. स्टोअरमधून त्यांना प्लास्टिकचं नवं स्टूल मिळालं. त्यावरूनही ते उठायचे, तेही पुसायचे, पण मी तिकडं बघायचं टाळायची. एवढी वर्षं जपलेली वस्तू त्या माणसानं माझ्यापायी पायरीवर आपटली होती, आणि तीही दोनदा.

मे महिन्यात निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, आणि ऑफिसतर्फे भेट काय, तर हातांची प्लास्टिक खुर्ची! मी बाळंत झालेल्या बहिणीकडं गेले होते, नाहीतर नक्की अडवलं असतं. मामांनी हसून घेतली आणि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या समाजमंदिरात देऊन टाकली. "पाठ टेकायची हौस असंल त्यानं बसावं."

जूनमध्ये लिलाव. मामा सकाळपासून सायकल घेऊन आवारात उभे. पण या वेळी सुटी वस्तू द्यायची नाही, सगळा ढीग एकाच बोलीत, असं वरून ठरलं. एका भंगारवाल्यानं तो अख्खा घेतला. त्याचे हमाल टेम्पोत सामान फेकायला लागले, पहिलं कपाट, मग खुर्च्या. मी वरच्या खिडकीत उभी. आता स्टूलही गेलं आणि पायही गेला, असं वाटून मी पदर खोचून खाली धावले. तोवर मामा टेम्पोपाशी पोचले होते. बोलणं मला ऐकू आलं नाही. भंगारवाल्यानं मामांकडं निरखून बघितलं आणि एकदम मोठ्यानं हसला. "अहो मामा, मला वळखलं न्हाईसा? परवानगीच्या कागदासाठी आलतो, तवा त्याच्यावरच बसवलं हुतंसा की! न्या, न्या. मला काय, जाळायचीच लाकडं ही." पण फुकट न्यायचं मामांना पटेना. शेवटी भंगारवाल्यानं जेवढे पैसे सांगितले तेवढे त्यांनी दिले, त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, घडी करून टोपीत ठेवली. स्टूल सायकलच्या कॅरिअरला बांधलं, तीन पाय वर करून, आणि मला बघून म्हणाले, "अशा का धापा टाकताय? टेका कुठंतरी."

मी तिथंच आवारातल्या कट्ट्यावर टेकले.

महिन्याभरानं बावड्याला गेले. दाराच्या आत, उजव्या हाताला, स्टूल. तीन पाय सागवानी, तेल पिऊन काळपट झालेले, आणि चौथा पाय स्टीलचा, चकाकणारा. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात लेथवर करून घेतलेला.

"जुनाच का नाही जोडला?"

"जोडला असता. पण मग लपवल्यागत झालं असतं." मग हसले. "आन् जुन्याशेजारी नवं. सांगितलं न्हाय व्हय तुमास्नी? टेकून बगा."

मी टेकले नाही. लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मामांनी आग्रह केला नाही. त्यानंतर कितीदा गेले, पण त्या स्टुलावर कधी बसवलंच नाही मला. तो चकाकणारा पाय दिसला की दोन दणके ऐकू यायचे.

दोन हजार तीनमध्ये मी छोटा फ्लॅट घेतला. आईनं सोफा सेटचा धोशा लावला होता. मी मामांना बोलावलं. ते दोन खोल्यांतून सावकाश फिरले, प्रत्येक खिडकीतून बाहेर बघितलं, आणि मग आम्ही दोघं जुना बाजार पालथा घालायला निघालो. एका शिंप्याचं बुटकं स्टूल मिळालं, त्याच्याशेजारी मी हौसेनं घेतलेलं पांढरं, एका पायावर फिरणारं नवं. आईच्या गुडघ्यांसाठी मामांनी सुताराकडून एक मुद्दाम उंच करून आणलं आणि दाराशी हातभर पुढं ठेवलं. आई आधी नाक मुरडत होती. मग गुडघे न दुखता उठता यायला लागलं तशी दिवसभर तिथंच बसायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. "तुझा तो मामा हुशार हाय गं," म्हणाली. आईकडून एवढं म्हणजे पद्मश्री!

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून पडले आणि उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी बावड्याला गेले. घर भरलेलं, मेणबत्त्या लावलेल्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. प्रत्येक स्टुलावर माणूस होतं, पलंगावर दाटीनं बसलेले, बाकीचे भिंतीला धरून उभे. फक्त दाराजवळचं ते एक रिकामं. कुणी त्याच्याकडं सरकत नव्हतं. मीही त्याच्या बाजूलाच उभी राहिले.

मामी पुढं आल्या. "उभ्या का?"

"असू दे, मामी."

"बसत न्हाईसा त्याच्यावर. म्हाईत हाय मला. ह्येंनाबी म्हाईत हुतं." त्यांनी डोळे पुसले. "घरला येईल त्याला सांगायचे, आमच्या ताईनं एक खोटं केलं, म्हणून हे स्टूल हितं आलं. न्हाईतर म्या काय त्येला मोडलं असतं व्हय? तेल लावत बसलो असतो आन् तिथंच सोडून आलो असतो. लई खूश हुते ओ! तुमच्या म्होरं बोलले न्हाईत. म्हणायचे, तिला कळू दिलं तर परत असलंच खोटं करंल."

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी उगाच जीव जाळत होते आणि मामा पाहुण्यांना माझं कौतुक सांगत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी, शोभा झाली नुसती. मी टेकले. स्टूल जराही हललं नाही. चारही पाय जमिनीवर पक्के होते.

तेवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत आलं. राधानगरीचा तो म्हातारा. आता पार वाकलेला, काठी टेकत, डोक्यावर पावसानं भिजलेली पिशवी. "एस्टी चुकली... कालच कळालं... मामा माझा..."  सगळे त्याच्याकडं बघत होते.

मी उठले. पदरानं बसायची जागा पुसली, परत एकदा पुसली. मग म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं.

"आधी टेका," मी म्हटलं. "मग बोला."